सेम्कीवाने स्वतःच्याच पॉलिशला नावं ठेवली

समुद्रकाठच्या आमच्या टांगा शहरात सेम्कीवाकडून कधीच बोलणी न खाल्लेला माणूस सापडणं कठीण. जुन्या रेडिओंच्या आणि स्पीकरच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करणं हा त्याचा धंदा. आतल्या तारांना तो हात लावत नाही. "आवाज तुमचा, लाकूड माझं," म्हणतो. आमच्याकडे कारागिराला फुंडी म्हणतात आणि शहरात फुंडी शेकड्याने आहेत, पण आमच्या न्गामियानी मोहल्ल्यात नुसतं 'फुंडी' म्हटलं की लोक त्याच्याच दुकानाकडे बोट दाखवतात.

रंगारी हा शब्द त्याला शिवीसारखा लागतो. एकदा मशिदीच्या शेखसाहेबांनी रेडिओच्या डोक्यावर गरम किटली ठेवली आणि पांढरा गोल डाग पाडला. सेम्कीवाने भर दुकानात त्यांना विचारलं, "शेख, स्वतःच्या डोक्यावर ठेवाल का किटली?" डाग काढून दिला, पण पुढचे तीन शुक्रवार शेख त्याच्याशी बोलले नाहीत. आपल्या कामात खोट निघाली हे त्याने जन्मात कबूल केलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तशी ती निघतही नसे.

मी चाळीस वर्षं मास्तरकी केली. चुका काढणं हा माझाही धंदाच, त्यामुळे आमचं जमायचं.

माझ्याकडे स्पीकरची एक जोडी आहे. घायपाताच्या मळ्यावरचा डॅनिश साहेब पंच्याहत्तर साली देश सोडून गेला, तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. कमरेएवढ्या उंच पेट्या, वरून सागाचा पातळ पापुद्रा. घेतल्या त्याच आठवड्यात सेम्कीवाने त्यांवर चपडा लाखेचं पॉलिश चढवलं होतं. आरशासमोर उभं राहावं तसा मी त्यांच्यासमोर उभा राहायचो.

तीस वर्षांनी त्या काळ्याठिक्कर पडल्या. हात लावला की चिकटायचा, आणि मागच्या बाजूने मुंग्यांची रांग. मी सेम्कीवाच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्याने रंधा खाली ठेवला.

"वास कसला येतो?"

"खवट."

"नारळाचं तेल!" तो ओरडलाच. "कोणत्या गाढवाने लावलं?"

"चाउसिकूने," मी बायकोचं नाव सांगितलं.

आमच्या किनाऱ्यावर नारळाचं तेल कशाला लावत नाहीत? केसांना, अंगाला, दाराच्या बिजागरीला, तान्ह्या पोराच्या टाळूला. माझ्या बायकोने पेट्यांनाही लावलं, दर शुक्रवारी, तीस वर्षं, मायेने. आता काचबिंदूने तिचे डोळे गेले होते. सुनेने चूल, झाडू, धुणं, एकेक काम तिच्या हातातून काढून घेतलं होतं. या दोन पेट्या तेवढ्या तिच्या उरल्या होत्या. त्याही आपण आपल्याच हाताने नासवल्या, हे तिला कळलं असतं तर ती पुन्हा खाटेवरून उठली नसती. मला बायको माहीत आहे.

हे मी सेम्कीवाला सांगितलं नाही. "जरा सांभाळून बोल" म्हणणाऱ्याला तो दुकानाबाहेर काढतो. "उद्या येतो," एवढंच तो म्हणाला. रात्रभर मला झोप नाही.

तो आला. चाउसिकूने कॉफी आणि शेंगदाण्याच्या वड्या पुढे केल्या. त्याने पेटीवर नख ओढलं, वास घेतला आणि त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. ती शीर पाहिली की न्गामियानीतली माणसं रस्ता बदलतात. मी उगाच खोकलो.

चाउसिकू आंधळी होती, बावळट नव्हती. तिने सरळच विचारलं, "फुंडी, खरं सांगा. माझ्या हातून काही झालं का? मी तेल लावायचे."

सेम्कीवाने तेलकट नख फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "वहिनी, चूक माझी आहे."

"तुमची?"

"पंच्याहत्तर साली मी हलका चपडा वापरला. पैसे वाचवले. तो इतक्या वर्षांनी विरघळला. तुमच्या तेलाने उलट लाकूड तरलं, नाहीतर कधीच तडकलं असतं."

मी जमिनीकडे बघत बसलो. या माणसाने हलका चपडा वापरणं म्हणजे शेखसाहेबांनी नमाज चुकवणं.

"अगंबाई!" चाउसिकू म्हणाली. "आणि एवढी वर्षं तोरा केवढा मिरवलात!"

"हो, वहिनी," सेम्कीवा म्हणाला.

मग नऊ दिवस तो आमच्या व्हरांड्यात राबला. पॉलिश पेपर त्याने पिशवीतून काढलाच नाही. पापुद्रा पोस्टकार्डाएवढा जाड, घासला की संपला. टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवायची, लाकडाच्या रेषेने पुसायचं, चिंधी काळी झाली की टाकायची, दुसरी घ्यायची. चिंध्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला. सातव्या दिवशी खालून साग दिसला, मधासारखा, आणि मी मास्तर असूनही रडलो.

शेवटचे हात त्याने चाउसिकूकडून मारून घेतले. स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा कापसाच्या पुरचुंडीत घेऊन ती तिच्या मुठीत दिली. "वहिनी, याला डोळे लागत नाहीत. पुरचुंडी अडखळली की थांबायचं, सुकू द्यायचं. एका जागी रेंगाळायचं नाही." ती चुकली की तो तिच्यावरही खेकसायचा, आणि ती हसायची. कित्येक महिन्यांनी तिच्यावर कोणीतरी खेकसत होतं. आम्ही बाकीचे तिला काचेसारखं जपत होतो.

जाताना तो बजावून गेला, "नव्या पॉलिशला तेल सोसत नाही. शुक्रवारी कोरडं फडकं, वर्षातून दोनदा मेण. हे काम दुसऱ्या कोणाला करू देऊ नका."

इथपर्यंत सगळं छान. पण चाउसिकूच्या पोटात काही राहायचं नाही. आठवड्याभरात अख्ख्या न्गामियानीला कळलं की फुंडीने पंच्याहत्तर साली हलका माल लावला. संध्याकाळी आम्ही ज्या ओट्यावर बसतो तिथे कॉफी ओतणारा कोम्बो त्याला कप देताना म्हणू लागला, "घ्या फुंडी. हलकी नाही हं, चांगली आहे." बंदराजवळचा हॉटेलवाला आपला जुना रेडिओग्राम दुसरीकडे घेऊन गेला. शेखसाहेबांनी तर एकदा मान हलवत "माणूस आहे, चुकायचाच" असं म्हणून जुनं उट्टं काढलं. सेम्कीवा कॉफी प्यायचा आणि गप्प बसायचा. ज्याने आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नाही, तो अकरा वर्षं ऐकून घेत होता.

मी एकदा त्याच्या दुकानात गेलो. म्हटलं, "मी ओट्यावर खरं सांगून टाकतो."

"आणि ते संध्याकाळपर्यंत वहिनींच्या कानावर जाईल," तो म्हणाला. "जीभ आवर, मास्तर. आणि त्या खुर्चीवर बसू नकोस, पॉलिश ओलं आहे."

गेल्या पावसाळ्यानंतर चाउसिकू गेली. गेली त्या शुक्रवारी सकाळीसुद्धा तिने फडकं मारलं होतं. तिचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर उभा राहिलो, वर्गात राहायचो तसा. सगळं सांगितलं. तेल, मुंग्या, त्याची फुगलेली शीर, त्याचं खोटं. म्हणालो, या माणसाने माझ्या बायकोची अकरा वर्षं राखली आणि त्यासाठी स्वतःचं नाव घालवलं, मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

सगळे सेम्कीवाकडे बघत होते. त्याने कप खाली ठेवला.

"वहिनी गेल्यापासून मास्तरचं डोकं ठिकाणावर नाही," तो म्हणाला. "कोणी मनावर घेऊ नका. चपडा हलकाच होता. मीच लावला होता, मला माहीत नसणार?"

मग तो कोम्बोवर खेकसला, कप रिकामा दिसत नाही का म्हणून. कोम्बो उठला आणि शेखसाहेबांना ओततो तशी किटली दोन्ही हातांनी धरून त्याने सेम्कीवाच्या कपात कॉफी ओतली.