गळक्या हीटरचा कौल

देवीचा कौल आपल्याला हवा तसा पाडून घेता येतो, असं मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं. ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द इथे शोभत नाही, हे मला कळतं. पण कबुली द्यायलाच बसलो आहे, तर ती नीट देतो. माझी श्रद्धा तेव्हा बेताची होती आणि स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास मात्र अफाट होता. पुसदला माझं कापडाचं दुकान. गणपतीत नाटकं बसवायची, त्यात मुख्य काम आपणच घ्यायचं आणि प्रॉम्प्टरलाही मधूनमधून सूचना द्यायच्या, असा माझा स्वभाव. देवाच्या दारातही मी तोच धंदा करायला निघालो होतो.

कारण तसंच होतं. मला वाढवलं ते आत्यानं. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. आत्या त्याच वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि तिनं मला जे कडेवर घेतलं, ते माझ्या लग्नापर्यंत खाली ठेवलं नाही. त्या हिवाळ्यात तिच्या पोटात दुखू लागलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आत गाठ आहे, नागपूरला न्या आणि महिन्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. उशीर केलात तर मग कोणी हात लावणार नाही. आत्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “हे पोट देवीनं देल्लं हाये. तिले इचारल्याबिगर मी सुरी लावू देनार नाई.” आम्ही समजावलं, रडलो, माझ्या बायकोनं तर जेवण सोडून पाहिलं. आत्या ढिम्म.

ढाणकीच्या पुढे एका टेकडीवर आमच्या कुळाची देवी आहे. शेंदराच्या तांदळ्याला, म्हणजे देवीच्या गोल पाषाणाला, गुरव दोन्ही बाजूंना ओलं फूल चिकटवतो आणि आपण प्रश्न विचारून डोळे मिटून बसायचं. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी काय केलं असेल ते चतुर वाचकांनी ओळखलंच असेल. आठ दिवस आधी एकटा जाऊन गुरवाच्या पाया पडलो आणि म्हणालो, डावं फूल चांगलं भिजवून दाबून बसवा, उजव्याला पाणी कमी लावा. गुरवानं आधी देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी म्हणाला, “देवीच्या मनात बी हेच असन. पन मले पाप लागलं तं तुमच्या नावावर टाकीन.” मी आनंदानं माझं नाव दिलं.

मी आणि आत्या, दोघंच निघालो ते माझ्या मोटारीतून. ही मोटार म्हणजे माझ्या आयुष्यातला दुसरा दिखाऊपणा. एका जिनिंग कारखान्याचा साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याची जुनी, हिरवी, हत्तीएवढी गाडी मी घेतली होती. तिच्यात हीटर होता. इंजिनात तापलेलं पाणी दोन रबरी नळ्यांतून आत यायचं, पायांपाशी एका पेटीत पितळेच्या बारीक नळ्यांची जाळी होती, तिच्यातून फिरायचं आणि परत जायचं. म्हणजे बसणाऱ्याच्या पायांना ऊब. जिथे मे महिन्यात कोंबडी अंडं उकडून घालते असं आम्ही गमतीनं म्हणतो, तिथे हा हीटर! पण पाहुण्यांना मी तो आवर्जून दाखवायचो.

उमरखेड मागे टाकलं आणि पौषातल्या सकाळच्या गारठ्यात आत्यानं एकदम हात जोडले.

“बाबू, माह्ये पाय कोनी धुऊन राह्यलं.”

मी पाहिलं. पेटीतून कोमट पाणी थेंब थेंब तिच्या पावलांवर पडत होतं. आत्याचे डोळे भरून आले होते. “माय सामोरी आली रे घ्यायले,” ती म्हणाली. मला हसू फुटलं, पण ते मी नटाच्या सफाईनं खोकल्यात बदललं आणि म्हणालो, “हो ना आत्या, शुभच झालं.” हीटरची जाळी गळत होती आणि मी तिला शकुन म्हणून खपवत होतो. मग थेंबांची धार झाली आणि दोनेक मैलांत इंजिनातलं पाणी इतकं कमी झालं की टोपणाखालून वाफेचा लोट उठला आणि गाडी एका तांड्याजवळ थांबली. आता आत्याचा चेहरा उतरला. “नाई म्हनते ती,” ती हळूच म्हणाली. “रस्त्यातच अडवलं. चाल वापस. मले नागपूर नाई पाह्यचं.” स्वतः शिक्कामोर्तब केलेला शकुन आता कोणत्या तोंडानं खोडणार?

तांड्याच्या विहिरीवर एक बंजारा बाई गुरांच्या हौदात पाणी ओढत होती. तिनं आत्याकडे पाहिलं, “याडी, बस,” म्हणून हाताला धरून लिंबाखाली नेलं आणि घोंगडी अंथरली. याडी म्हणजे आई. त्याच लिंबाखाली एक म्हातारा कल्हईवाला भाता लावून बसला होता. सगळे त्याला चाचा म्हणत. वर्षातून एकदाच तो त्या तांड्यावर येई म्हणे, आणि आला होता तो त्या सकाळी. मी वाफाळणाऱ्या गाडीपुढे हातवारे करत उभा होतो, ते त्यानं थोडा वेळ मजेत पाहिलं आणि मग उठून आला. पेटीत डोकावून म्हणाला, “साहेब, ये तं हंडीच हाय. जरा नखरेवाली हंडी. काहाडा बाहेर.”

आम्ही नळ्यांच्या पट्ट्या सैल केल्या आणि जाळी बाहेर काढली. पुस्तकाएवढी होती, हिरवट डागांनी भरलेली. चाचांनी तिचं एक तोंड कपाशीच्या पऱ्हाटीचा तुकडा चिंधीत गुंडाळून बंद केलं, दुसऱ्या तोंडाला स्वतःचं तोंड लावलं आणि जाळी हौदात बुडवून गाल फुगवून फुंकर मारली. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. आत्या घोंगडीवरून उठून हौदाच्या काठाशी येऊन उभी राहिली होती. चाचांनी खिळ्यानं तिथे खूण केली, सगळी जाळी फिरवून फिरवून पुन्हा फुंकली, आणखी कुठे नाही याची खात्री केली.

“भोक तं सुईएवढं हाये,” आत्या म्हणाली.

“सुईएवढंच रायते आई, पन अख्खी गाडी बसोली ना त्यानं.”

चाचांनी तो कोपरा घासून लखलखीत केला, बाकीच्या जाळीला ओल्या चिंध्या गुंडाळल्या. आच सगळीकडे पोचली तर आधीचे सांधे सुटतात, असं ते म्हणाले. निखारा फुलवला, जागा तापवली, नवसागर टाकला. पांढरा धूर उठला तशी आत्या दोन पावलं मागे सरकली.

“बाप्पा, येवढी आग लावता, अन् हात चुकला तं?”

“चुकला तं चुकला, आई,” चाचा मान वर न करता म्हणाले. “चाळीस वरसात कई बार चुकला. भेव वाटते म्हनून लोक भांडं वापस नेतात. नेलं तरी ते गळूनच राह्यते ना?”

कथिलाचा ठिपका चांदीसारखा पसरला आणि बसला. जाळी थंड झाल्यावर पुन्हा हौदात गेली. चाचांनी फुंकर मारली. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण पाणी हललं नाही. आत्या वाकून, श्वास धरून त्या निश्चल पाण्याकडे पाहत होती. मग ती सरळ झाली, पदर खोचला आणि म्हणाली, “बाबू, नागपूरले कोन्त्या दिवशी जा लागते?”

मी ऐकलं आणि खुळ्यासारखा उभाच राहिलो. तोंडातून निघालं, “पण कौल?”

“झाला ना.” मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी गुळाच्या डब्यापाशी सापडल्यावर पाहायची. “अन् तुह्या गुरवाची फुलं मले माहीत हायेत. त्याची बायको भेटलती मले पुसदच्या बाजारात. तिच्या पोटात गोष्ट रायते काय रे?”

“मग तू आलीस काहून?” मीही वऱ्हाडीवर उतरलो.

“पाह्यलं म्हटलं, बेचाळीस वर्साचं पोट्टं देवीपुढं कसं नाटक करते. उजवं फूल पडलं असतं, मी पाया पडली असती, अन् घरी येऊन म्हटलं असतं, हे तं माह्या भाच्यानं सांगतलं, देवीनं कुठं सांगतलं? नसतीच गेली मी नागपूरले.”

बंजारा बाई पदर तोंडाला लावून हसत होती. मी हसायचा प्रयत्न केला आणि मला रडू आलं. इतक्या नाटकांत इतक्या वेळा रडलो होतो, पण तेव्हा हातात रुमालसुद्धा नव्हता.

जाळी बसवली, सावकाश पाणी भरलं, इंजिन चालू ठेवून चाचांनी सांध्यावर बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं. गाडीत बसायची त्यांची फार इच्छा होती, म्हणून भाता मांडीवर घेऊन ते मागे बसले आणि ढाणकीपर्यंत आले. देवीपुढे गुरव फुलं घेऊन तयारच होता आणि माझ्याकडे पाहून भुवया उडवत होता. आत्या म्हणाली, “फुलं असू द्या महाराज, नुसती ओटी भरतो.” त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मी पाहिलं.

ऑपरेशन झालं. ते सोपं नव्हतं. दोन दिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात एकमेकांकडे न पाहता बसलो. पण आत्या उठली, घरी आली, आणि आज हे लिहीत असताना स्वयंपाकघरातून माझ्या नावानं शंख करते आहे.

नंतर पुसदच्या मिस्त्रीला मी ही हकिकत मोठ्या रंगात सांगितली. तो पाना खाली ठेवून हसत सुटला. म्हणाला, “शेठ, जाळी काढाले कायले लागत होती? दोन्ही नळ्या एकमेकीले जोडून देल्या असत्या तं दहा मिनिटात गाडी निघाली असती.” मी ऐकलं आणि अंगावर काटा आला. एवढी साधी अक्कल त्या सकाळी मला असती, तर आम्ही दहा मिनिटांत निघालो असतो, वेळेवर देवळात पोचलो असतो, माझं उजवं फूल बरोबर पडलं असतं आणि ऑपरेशनावाचून आत्या जिवानिशी गेली असती. तो कल्हईवाला नेमका त्याच दिवशी का आला, हे मी कोणाला पटवून देत बसत नाही. मलाही ते कळलेलं नाही. तेव्हापासून देवीपुढे उभा राहिलो की मी मागायचं सोडलं आहे असं नाही, भरपूर मागतो. फक्त ते कसं द्यायचं, हे तिला सांगत नाही.