एका नंबरचे दोन रंग

माझ्या भावांचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. थोरला अमरावतीच्या कोर्टात वकील, धाकटा शाळामास्तर. चांगले शिकलेसवरलेले, पण वडिलांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत दोघांनी घराच्या मधोमध भिंत घातली. आईचीही वाटणी केली, एक महिना याच्याकडे, एक त्याच्याकडे. तिनं एकच अट घातली. ‘आत काय तोडफोड करायची ते करा, पन रस्त्यावरून घर एकच दिसलं पाह्यजे.’ म्हणजे समोरच्या भिंतीला रंग एकच. एवढंही जमू नये यांना!

मी अकोल्याच्या जुन्या शहरात छापखाना चालवते. रंगावरून रोज भांडते. गिऱ्हाईक मोबाइल नाचवून ‘अस्साच निळा पाह्यजे’ म्हणतं, तेव्हा मी शेड कार्ड समोर आपटते. बोट ठेव, मग बोल! कार्डावरचा नंबर म्हणजे रंग कालवायचं ठरलेलं माप. त्या मापानं अकोल्यात कालवा नाहीतर दर्यापुरात, रंग तोच येतो. पण नंबर ज्या कंपनीच्या कार्डाचा, त्याच कार्डात त्याला अर्थ. दुसरीच्या कार्डात तोच आकडा भलत्याच रंगाचा निघतो. कंपनी न सांगता नंबर देणं म्हणजे गाव न सांगता घर नंबर देणं.

थोरल्यानं नेमकं तेच केलं. दिवाळीआधी त्यानं आपला अर्धा भाग बदामी रंगवला. दोघांत बोलणं नव्हतं, म्हणून धाकट्यानं आईकरवी रंग विचारला. वकीलसाहेबांनी नंबर सांगितला, कंपनी पोटात ठेवली. धाकट्यानं दुसऱ्याच कंपनीच्या दुकानात जाऊन नंबर सांगितला. मशीननं पांढऱ्यात थेंब सोडले, डबा घुसळला, आणि निघाला फिकट हिरवा. अरे, डबा उघडल्यावर दिसत नव्हतं का? दिसत होतं! तरी यानं भिंत हिरवी केली, का तर चूक थोरल्याच्या माथी बसावी. ‘नंबर त्यानंच देला,’ म्हणे. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!

आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोघांनी तिला सांगून टाकलं, रंग एकच हाय. एवढ्या एका गोष्टीत मात्र भावांचं एकमत. ती बिचारी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ‘भिंत घातली बाप्पा, पन घर माहं एकच हाय.’ शेजारी माना हलवायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

डोळ्यांची ऑपरेशनं ठरली तेव्हा मी तडक अमरावती गाठली. दोन्ही कंपन्यांची कार्डं भर उन्हात भिंतीला लावून दोघांना दाखवली. म्हटलं, तिला आता दिसणार आहे, कोणीतरी एकानं रंग बदला.

‘माहा रंग आधीचा. मी कावून बदलू?’ थोरला.

‘यानं सांगतला तोच नंबर मी मारला,’ धाकटा.

‘मेल्यांनो, रंग मी आणते, माणूस मी लावते!’ मी ओरडले. तर दोघंही आपापल्या दारात आडवे. माझ्या भिंतीला हात लावायचा नाही, म्हणे. कायदा शिकवत होते मला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आईला घेऊन मी ऑटोनं घरासमोर आले. दोघं भाऊ आपापल्या दारात हसत उभे होते, लाज कोळून प्यायलेले. आईनं काळा चष्मा काढला. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

‘आई, दिसून राह्यलं का आता?’ थोरल्यानं विचारलं.

‘सगळं दिसून राह्यलं,’ ती म्हणाली. खाली मात्र उतरली नाही. ‘याच्यातलं माहं घर कोनतं हाय रे?’

मी ऑटोवाल्याला गाडी अकोल्याच्या बससाठी स्टँडकडे वळवायला सांगितली.