रविवारची टेकडी

मी पदवीधर झालो, त्याचं मोठं श्रेय उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये जीन्सचं कटिंग करणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांना. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी माझी झोप उडाली होती. काका म्हणाले, "पुस्तकं काय पळून चाललीत? रविवारी चल माझ्यासोबत."

बदलापूरच्या टेकडीखाली ते चपला काढून पिशवीत टाकत. वर पोचेपर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. आठवडाभर खोकणारा हा माणूस वर गेला की पाखरांना शीळ घाली. "बघ, खोकलो का एकदा तरी?" मलाही झोप लागू लागली. मी पास झालो.

आता मी त्याच टेकडीवर बंगले बांधणाऱ्या कंपनीत क्लार्क आहे. मागच्या महिन्यात काका ऑफिसात आले. "तुमचा वॉचमन सोडत नाही रे. फक्त रविवारचं बघ ना." अर्ज त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. नोकरी नवी होती. तो अर्ज मी साहेबांना दाखवलाच नाही. उत्तर मात्र पाठवलं:

"महोदय, सदर जागा खासगी असल्यामुळे आपणास टेकडीवर प्रवेश देता येणार नाही. आपण सहकार्य कराल, ही अपेक्षा. आपला विश्वासू."