आत्याचा मान

नणंदेचं पहिलं बाळंतपण आमच्या घरी, हट्ट्याला झालं. माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. तिला शेक देणं, लेकराची दुपटी धुणं, आळिवाची खीर करणं, सगळं मीच केलं. बारशाच्या घुगऱ्याही मीच शिजवल्या. गल्लीतल्या बाया जमल्या, लेकरू रडायला लागलं म्हणून मी हात पुढं केला, तर नणंदेनं ते झटकन ओढून घेतलं.

"वैनी, तुमी हात नका लावू. अंगाला सुया टोचून घेता. काय करणी-बिरणी असंल तर माझ्या लेकरावर नको."

सगळ्यांच्या नजरा माझ्या कानावर. तिथं एक छोटी चिकटपट्टी होती आणि तिच्याखाली बारीकशी सुई. कुणीतरी फिसकन हसलं. सासू खाली मान घालून घुगऱ्या वाटत राहिली. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि तिथंच ठरवलं, हे हिला परत करायचं. असंच, चार बायांत.

करणी कसली! मूल व्हावं म्हणून नांदेडच्या दवाखान्यात माझे उपचार चालले होते. इंजेक्शनांनी अंग जड व्हायचं, झोप उडाली होती. वसमतला एक डॉक्टरीणबाई ॲक्युपंक्चर करायच्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "सुयांनी मूल होतं असं मी म्हणणार नाही. औषध नांदेडचंच. तुमची धास्ती कमी होईल, झोप लागेल, एवढंच माझ्या हातात."

मला तेवढं पुष्कळ होतं. पावलांवर, पोटावर, मनगटाला केसासारख्या सुया लागायच्या. कानातली एक तर पट्टीखाली तशीच ठेवून घरी पाठवायच्या. आधी मुंगी चावल्यासारखं, मग तिथं जडपणा यायचा. त्या खाटेवर मला कुणी काही विचारत नव्हतं.

पण त्या बारशानंतर खाटेवर पडलं की मला पाळणा दिसायचा. बाई नाडी धरून म्हणाल्या, "केवढी पळतेय! मनात काय चाललंय?"

"नणंद," मी म्हणाले.

"तिला थोडा वेळ बाहेर ठेवा."

मी काही तिला बाहेर ठेवलं नाही. नांदेडचा पहिला प्रयत्न फसला. आठ दिवस मी अंथरुणातून उठले नाही. तेव्हा नणंदेनं पुसेगावहून, तिच्या सासरहून, निरोप पाठवला. सासूनं तो माझ्या उशाशी उभं राहून सांगितला, "ती म्हनती, सुयांनीच गर्भ जळाला." त्या दिवशी मी उठले. डोकं धुतलं आणि वसमतची बस धरली. नवरा म्हणाला, "काहून इतका जीव आटवून राहिलीस? राहू दे आता." मी म्हणाले, "न्हाई." मूल तर मला हवंच होतं. पण खरं सांगते, त्या दिवशी मला उठवलं ते रागानं.

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले. मुलगी झाली.

आमच्याकडं बारशाला लेकराच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. नणंद कुंची आणि चांदीचे वाळे घेऊन आली, नवी साडी नेसून पाळण्याच्या उशाशी बसली. बायांची खोली भरली, तेव्हा मी म्हणाले, "ताई, जरा सरका. नाव डॉक्टरीणबाई ठेवतील."

सासू म्हणाली, "काहून गं? आत्या बसलीय की समोर!"

"सुया टोचून घेतलेल्या बाईचं लेकरू हाय, सासूबाई," मी सासूला म्हणाले. "ताईला काय झालं तर? उगं करणी-बिरणी."

कुणी हसलं नाही. नणंदेचा चेहरा पांढरा पडला. मागं बसलेल्या वसमतच्या डॉक्टरीणबाई घाईनं उठल्या. "अहो, मला तुमच्या घरच्यात नका ओढू. आत्यालाच ठेवू द्या." मी ऐकलं नाही. लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी कसंबसं कानात नाव सांगितलं आणि घुगऱ्या न घेताच गेल्या. त्यानंतर भेटल्या की त्या माझ्याशी मोजकंच बोलायच्या. त्याचं मला वाईट वाटतं. नणंदेचं वाटत नाही.

ती दुपारच्या जीपनं परत गेली. राखीला आली नाही, दिवाळीला आली नाही. नवरा महिनाभर धुसफुसला. "इतकं कराया नव्हतं पायजे. तिनं मागाहून माफी मागितली असती."

"चार बायांत मागितली असती का?" मी विचारलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी हिंगोलीला एका लग्नात ती दिसली. केस पिकायला लागले होते. माझी पोरगी तेव्हा शाळेत जायची. पंगत बसली तशी नणंदेनं शेजारची जागा हातानं झाडली आणि पोरीला म्हणाली, "ये बाई, आत्याजवळ बस." पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी माझं ताट उचललं, त्या झाडलेल्या जागेवर जाऊन बसले आणि पोरीला माझ्या पलीकडं बसवलं. नणंद भातात बोटं फिरवत राहिली. वाढपी आला, मी मठ्ठा मागून घेतला आणि पोटभर जेवले.