माझा भाऊ जिवंत आहे, असं सांगणारा माणूस

माझा धाकटा भाऊ मासेमारीच्या एका लाँचवर इंजिन सांभाळायचा. वादळात लाँच उलटली. बाकीच्या खलाशांना दुसऱ्या लाँचने उचललं. तो सापडला नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या बाई आईला एका नव्या प्रार्थनासभेला घेऊन गेल्या. आम्ही पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती, पण असलं काही कधी पाहिलं नव्हतं. तिथला प्रचारक स्वतःला संदेष्टा म्हणवायचा. त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून भर सभेत सांगितलं, "देवाने मला तुमचा मुलगा दाखवला. तो एका बेटावर आहे, जिवंत आहे. घरात कुणी शंका घेतली तर मात्र हातचा जाईल."

आई घरी आली ती हसत. त्याचे शर्ट धुऊन इस्त्री केले. रोज त्याच्या वाटणीचा भात टाकू लागली.

आमच्या चर्चचे म्हातारे पाळक भेटायला आले. म्हणाले, "देवाच्या नावाने कुणी बोललं म्हणजे ते देवाचंच असतं असं नाही, बाई. तपासून बघण्यात अविश्वास नाही."

"माझं पोर मेलेलं बरं वाटेल तुम्हाला?" आई ओरडली. ते चहा न घेताच उठले.

मग पोलिसांचा फोन आला. जयगडच्या बाजूला किनाऱ्यावर प्रेत लागलं होतं. बाबा आणि मी सिव्हिल हॉस्पिटलला गेलो. चेहरा उरला नव्हता. पण मोटारसायकलच्या अपघातानंतर भावाच्या मांडीत बसवलेली स्टीलची पट्टी डॉक्टरांनी एक्स-रेत दाखवली. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. "आमचाच आहे," म्हणाले.

आईने ऐकलंच नाही. "दुसऱ्या कुणाला माझ्या मुलाच्या नावाने पुरू नका," एवढं बोलून खोलीची कडी लावली. दफनविधीला ती आली नाही.

पुढच्या रविवारी मी त्या सभेत उभी राहिले. "भावाला पुरून आलोय आम्ही. तुम्ही तर बेट सांगितलं होतंत."

तो जराही गडबडला नाही. "देवाचं वचन खरंच होतं. घरातल्या कुणाच्या तरी शंकेने त्याला बुडवलं." हे तो माझ्याकडे बघत बोलला. पुढच्या रांगेतल्या आईनेही मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर कित्येक महिने ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. मी पाळकांकडे जाऊन रडले. त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "चूक कुणाच्याही हातून होते. पण आपली चूक दुःखी घराच्या माथी मारणारा माणूस देवाचा नव्हे. त्याच्यापासून लांब राहा. आईपासून लांब होऊ नकोस."

आई अजून त्या सभेला जाते. पुरलेला तो आपला मुलगा नव्हताच, असं कधी म्हणते. कधी मला म्हणते, तूच त्याला मारलंस. यंदा पावसाच्या तोंडावर मात्र आपणहून आमच्याबरोबर कबरस्तानापर्यंत आली. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही.

"इथे पाणी साचतं काय गो?" तिने विचारलं.

"नाही आई. उंचावर आहे."

"बरं," म्हणाली, आणि एकटीच घराकडे चालू लागली.