खळ्यावरची पणती

नवरा गेल्यानंतरची पहिली दिवाळी मी जव्हारच्या घरात दार लावून काढणार होते. ग्रंथालयाला चार दिवस सुट्टी होती आणि उशाशी चार पुस्तकं होती. दुखवट्याच्या घरात सण करत नाहीत, एवढं कारण लोकांना पुरतं. शेजारणी फराळाचं ताट दारातूनच देऊन जातील, हेही ठाऊक होतं. पण आदल्या दिवशी पोशेऱ्याहून सासूचा फोन आला.

"भात कापून खळ्यावर पडलंय. झोडायला हात कमी पडतात. ये."

सणाचं तिने नावही काढलं नाही, म्हणून मला जाता आलं.

तिला मी आय म्हणते. त्या घरात सगळे तसंच म्हणतात, आणि सुनेने अहोजाहो केलेलं तिला चालत नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बाजारातून मातीच्या सहा पणत्या घेतल्या. विजेच्या माळा नकोत, चकचकीत प्लास्टिकचे कंदील नकोत. मातीचं मातीत जाईल, एवढाच विचार केला होता. त्यातही मोठ्या, खोल पणत्या निवडल्या.

जीपमधून उतरले तेव्हा डोंगरावरून गार वारा सुटला होता. घरामागे शेणाने सारवलेलं खळं होतं आणि त्याच्या कडेला भाताच्या भाऱ्यांची उडवी रचलेली होती. वर्षाचा सगळा तांदूळ त्या एका उडवीत होता. आयचा आणि जव्हारला माझ्या डब्यात येतो तोही. यंदा पेरणीपासून कापणीपर्यंत सगळं तिने वस्तीतल्या बायकांसोबत पाळीपाळीने केलं होतं. मुलगा नसल्याचं पहिलं वर्ष तिने असं उभं राहून काढलं, आणि मी बहुतेक बसून.

दिवेलागणीच्या आधी आय रानातली कडू कारिटं घेऊन बसली. एकेक कारीट मधोमध चिरायचं, बिया कोरून काढायच्या, आत चमचाभर खुरासणीचं तेल आणि वात. खाली ओल्या शेणाचा गोळा, म्हणजे कारीट कलंडत नाही. असे दिवे गोठ्यात, उकिरड्यावर, पाण्याच्या वाटेवर आणि खळ्यावर ठेवायचे, ही तिथली रीत.

"एवढ्याशा फळात तेल ते किती मावणार? घटकाभरात विझतील," मी म्हणाले.

"विझू दे की," ती म्हणाली. "तुला काय उजेडात पुस्तक वाचायचंय?"

पण मनात आलं की नवऱ्याच्या नावाचा एक दिवा तरी जास्त वेळ जळावा. एक पणती काठोकाठ भरली आणि खळ्यावर गेले. वाऱ्याने ज्योत टिकेना. तेव्हा मी ती उडवीच्या आडोशाला, भाऱ्यांच्या अगदी पोटाशी एका दगडावर ठेवली. तिथे ती छान स्थिर जळू लागली. मी थोडा वेळ उभी राहिले, हात जोडले आणि घरात आले.

जेवायला बसलो. आय माझ्या ताटात भाकरी टाकून पाणी आणायला म्हणून बाहेर गेली आणि आली. माझे चार घास झाले असतील, तेवढ्यात वाऱ्याने मागचं दार धाडकन आपटलं. त्या आवाजासरशी मी काय करून आले ते मला कळलं. वाऱ्यापासून ज्योत वाचवायला मी ती वाळल्या पेंढ्यात नेऊन ठेवली होती.

खरकट्या हाताने धावले. खळ्यावर अंधार होता. म्हणजे आग नव्हती, पण हे समजायलाही मला वेळ लागला. दगडावर पणती नव्हती. मी वाकून एकेक भारा चाचपला. सगळे गार होते, दवाने थोडे दमट. खळ्याच्या मध्यावर, उडवीपासून लांब, शेणाच्या गोळ्यावर अर्धं कारीट होतं. वात त्याच्या ओल्या गरात टेकून आपोआप विझलेली.

मागून बॅटरीचा उजेड पडला.

"काय शोधतेस? तुझी पणती चुलीपाशी आहे. मघाशी पाण्याला गेले ना, तेव्हाच उचलली."

"मला सांगायचं तरी, आय!"

"सांगून काय? आधी रडली असतीस, मंग जेवली नसतीस. त्याच्या नावाची ठेवलीस ना?"

मी खळ्यावरच बसले. तीही बसली.

"तू त्याचीच बायको," ती म्हणाली. "शाळेत नोकरी लागली त्या साली पिशवीभर फटाके घेऊन आला. बाण सोडला तो सरळ पेंढ्यात. सगळी वस्ती हंडे घेऊन धावली. भात आत आलं होतं म्हणून वाचलो, पण बैलांचा चारा गेला."

हे मला त्याने कधीच सांगितलं नव्हतं. "मला तर म्हणायचे, फटाक्यांच्या धुराने पाखरांना त्रास होतो. शाळेत मुलांना भाषणसुद्धा द्यायचे."

"पाखरांना?" आयने कपाळावर हात मारला. "आमचा बैल दावं तोडून पळाला, तो दुसऱ्या दिवशी घाटात सापडला. आन् हा पाखरांचं सांगतो! लबाड मेला!"

मेला हा शब्द तोंडातून गेला आणि ती थबकली. मी तिच्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघीही हसलो, अगदी पोट धरून. हसताना माझा खरकटा हात सारवणावर टेकला, त्यावरूनही मला बोलणी बसली. तो गेल्यापासून इतका मोकळा श्वास मी घेतला नव्हता. तो मला पुरता माहीत झाला होता, आता नवीन काही कळणार नाही, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या चार बायका आल्या आणि झोडणी सुरू झाली. मला भारा नीट आपटता येत नाही, दाणे भलतीकडे उडतात, हे सगळ्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. तळहाताला फोड आले. संध्याकाळी पाठ टेकताच झोप लागली. पुस्तकं जव्हारलाच राहिली होती, ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

त्याच दिवशी शेवटचा भारा झोडून झाला, तेव्हा डोंगरावर अजून ऊन होतं. भात कणगीत भरलं. आयने कणगीचं तोंड शेणामातीने लिंपलं, हात धुतले आणि म्हणाली, "आता जा तू. जीप गेली तर उद्यापर्यंत भाकऱ्या भाजायला लावीन."

मी जीप जाऊ दिली.