पाच दुकानं आणि पांढरा रुमाल

हळदीची पिशवी फोडली आणि वासासरशी वसमतच्या मोंढ्यातली ती दुपार आठवली. बहिणीच्या लग्नाची हळद घ्यायला मी आईबरोबर गेले होते. पिवळ्या धुळीतून, हमालांना चुकवत आई एकेक दुकान चढत होती. हळकुंड पांढऱ्या रुमालावर घासायचं, रंग उतरला तर माल रंगवलेला, ही तिची परीक्षा. पहिल्या पाचही दुकानांत रुमाल पिवळा झाला. "समदा बाजारच लबाड हाय," ती कुजबुजली. सहाव्या दुकानदारानं पाण्याचा तांब्या पुढे केला. "मावशी, आधी हात धुवा." आईनं मला बाजूला ओढलं. "पाणी काहून देऊन राहिला ह्यो?" मी तिच्या बोटांकडे बघितलं. पहिल्याच पोत्यात हात घातला तेव्हाच ती पिवळी झाली होती, आणि रुमालाला रंग त्यांचाच लागत होता. आता कुणाचा संशय आला, की मी आधी स्वतःची बोटं बघते.